मुसीकाठचे गवत आणि बांधावरचे झाड

मुसी नदी विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावते, हैदराबाद शहराच्या मधून पूर्वेकडे वाहते आणि सुमारे २४० किलोमीटरचा प्रवास करून वाडपल्ली येथे कृष्णेला मिळते. जुने शहर मागे टाकताच तिच्या उत्तर तीरावर अंबरपेठ लागते. आज अंबरपेठ म्हणजे दाट लोकवस्तीचा विभाग आहे. परंतु तेथून नागोल, उप्पलच्या दिशेने नदीबरोबर खाली उतरणाऱ्या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक निराळीच शेती दृष्टीस पडे. कमरेपर्यंत वाढलेले हिरवेगार गवत, त्याच्या बांधांवर ताड, शिंदी आणि नारळ, मधूनच केळीची बेटे, पालेभाज्यांचे वाफे, आणि गवताचे भारे घेऊन शहरातील तबेल्यांकडे निघालेल्या गाड्या. वैशाखात सारा दख्खन करपून गेलेला असताना एवढा एकच पट्टा हिरवा राही.

झाड, पीक आणि जनावर यांची एकाच जमिनीवर सांगड घालणाऱ्या शेतीला आता वनशेती असे नाव मिळाले आहे. भारत सरकारने २०१४ साली तिच्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय धोरण जाहीर केले. असे धोरण करणारा भारत हा जगातील पहिला देश. नाव नवे असले तरी गोष्ट जुनी आहे, आणि मुसीकाठच्या शेतकऱ्यांनी ती कोणतेही धोरण न वाचता केली होती. त्यांच्या ह्या शेतीत जे साधले आणि जे फसले, त्या दोहोंतून कोरडवाहू मुलखातील शेतकऱ्यास पुष्कळच घेण्यासारखे आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत ह्याच हैदराबाद राज्याचा भाग होता. जमीन, पाऊस आणि दुष्काळ यांच्या बाबतीत तो अजूनही तेलंगणाचा सख्खा शेजारीच आहे.

ह्या शेतीचा उगम एका महापुरात आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला आलेल्या पुराने हैदराबादेत हजारो माणसांचा बळी घेतला. त्यानंतर पुराचे पाणी अडवण्याचा आणि शहराच्या गटारव्यवस्थेचा विचार करण्यासाठी निजाम सरकारने विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. त्यांच्या योजनेनुसार शहराच्या वरच्या अंगास १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर हे तलाव पूर्ण झाले. पूर आवरला, शहराला पिण्याचे पाणी मिळाले. मात्र नदीच्या वाट्याचे स्वच्छ पाणी आता तलावांत राहू लागले. पावसाळा सरला की शहरातून वाहणाऱ्या मुसीत शहराचे सांडपाणीच काय ते उरे, आणि मैलापाण्याचे मुख्य नळ उतरत अंबरपेठेकडे. नदी बारमाही झाली खरी, परंतु ती ह्या अशा रीतीने. दख्खनच्या पठारावर बारा महिने वाहणारे पाणी आणि त्यातच विरघळलेले नत्र व स्फुरद! शेतकरी त्याकडे पाठ फिरवील ही अपेक्षाच व्यर्थ होती.

आरंभी ह्या पाण्यावर भात होत असे. पण अति नत्राने भाताचे पीक नुसतेच माजते, आडवे पडते, पेंढा पुष्कळ आणि दाणा कमी अशी गत होते. त्यात जमिनीत क्षार साचत गेले. तेव्हा भाताची खाचरे एकामागून एक गवताखाली गेली. हे गवत म्हणजे पॅरागवत. मूळचे आफ्रिकेतले, ब्राझीलच्या पारा प्रांतावरून नाव मिळालेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात आलेले. ह्याला बी पेरावे लागत नाही, कांड्या चिखलात रोवल्या की झाले. पाणी तुंबले तरी ते कुजत नाही, क्षार बऱ्यापैकी सोसते, आणि एकदा लावले की वर्षानुवर्षे महिना-दीड महिन्याला कापणीस येते. नांगरणी नाही, पेरणी नाही, विकत आणलेले खत नाही. आज ह्या वाफ्याचे गवत, उद्या त्या वाफ्याचे, असे चक्र लावून दिले की शेतकऱ्याच्या हातात रोज रोकड पडते. पावसाच्या भरवशावर वर्षातून एकदा पैसा पाहणाऱ्या कुणब्याला ही केवढी अपूर्वाई!

ह्या गवतावर शहराच्या आतबाहेरचे तबेले उभे राहिले. म्हशीला हिरवा चारा मिळाला, शहराला दूध मिळाले आणि गवताला गिऱ्हाईक मिळाले. शेणाचा काही भाग गोवऱ्यांत गेला, काही शेतांत गेला, आणि बराचसा, हेही सांगितले पाहिजे, पुन्हा गटारातून नदीतच गेला. बांधावरच्या ताड-शिंदीचा हिशेब स्वतंत्र होता. तेलंगणात ताडी काढणे हा गौड समाजाचा परंपरागत व्यवसाय. झाड एकाच्या बांधावर, रस काढणारा दुसरा, गवत कापणारा तिसरा आणि म्हशी चौथ्याच्या, अशी ही चार जणांची बिनकरारी भागीदारी होती. झाडांची निवडही कोणी विचारपूर्वक केलेली नव्हती; तरीही ती योग्य होती. ताडाचा शेंडा उंच आणि आटोपशीर असतो, त्याची सावली दिवसभर फिरत राहते, कोणत्याच वाफ्यावर ठाण मांडून बसत नाही. त्याची तंतुमय मुळे बांधाची माती धरून ठेवतात. झावळ्यांनी झोपड्या शाकारल्या जात. केळीची पाने आणि नारळाच्या झावळ्या शहराच्या बाजारात व लग्नमांडवांत खपत.

हे चित्र एवढेच असते तर अंबरपेठेचे नुसते गुणगान करून थांबता आले असते.

शहर वाढले, कारखाने वाढले आणि सांडपाण्यात नुसता मैला राहिला नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत ह्या पट्ट्यातील माती, पॅरागवत, भाज्या आणि दूध यांचे नमुने अनेक अभ्यासकांनी तपासले. शिसे, क्रोमियम, निकेल, जस्त अशा धातूंचा माग त्यांना मातीतून गवतात आणि गवतातून दुधात लागला. प्रमाण सर्वत्र सारखे नव्हते. धातूगणिक आणि जागेगणिक त्यात फरक पडे. पण रस्ता कोणता, हे स्पष्ट झाले. ज्या साखळीने शहराला दूध दिले, त्याच साखळीने शहराचे विष शहराच्या पेल्यात परत आणून ठेवले. शेतकऱ्यांची स्थिती तर याहूनही वाईट. त्या पाण्यात अनवाणी उभे राहून गवत कापणाऱ्या कुटुंबांत अंकुशकृमीसारख्या जंतांचा प्रादुर्भाव अधिक आढळला. त्यांच्या पायांचे आणि हातांचे दुखणे दुधाच्या भावात कधीच धरले गेले नाही.

पुढे अंबरपेठेस मैलापाणी शुद्ध करणारे मोठे केंद्र उभे राहिले. त्याची क्षमता रोज ३३९ दशलक्ष लिटरची. नागोल येथे दुसरे झाले. त्यामुळे फरक पडला हे खरे. पण असल्या केंद्राचे काम मुख्यतः सेंद्रिय घाण काढण्याचे असते. कारखान्याने सोडलेला धातू तेथे नाहीसा होत नाही, तो गाळात तरी उतरतो किंवा पाण्याबरोबर पुढे तरी जातो. धातू अडवायचा तो कारखान्याच्या दारातच.

अंबरपेठेतील शेतीचे दुसरे व्यंग असे की, तेथे झाड नेहमी बांधावरच राहिले, शेतात आले नाही. ह्याचे कारण शेतशास्त्रात शोधून सापडणार नाही, ते खंडपट्ट्यात सापडते. नदीकाठच्या गवताचे पुष्कळसे वाफे खंडाने किंवा तोंडी कराराने कसले जात. ज्याला पुढच्या वर्षी ही जमीन आपल्याकडे राहील की नाही याची शाश्वती नाही, तो दीड महिन्यात पैसे देणारे गवत लावील, दहा वर्षांनी लाकूड देणारे झाड लावणार नाही. झाड लावणे ही मालकाची किंवा मालकाइतक्या निर्धास्त माणसाची गोष्ट आहे. वनमहोत्सवाची प्रथा कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० मध्ये सुरू केली, तेव्हापासून वृक्षारोपणाचे आवाहन दरवर्षी होत आले आहे. परंतु जमीन कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न त्या समारंभांत क्वचितच निघाला.

आता नदीकाठ सोडून थोडे दूर जावे. अंबरपेठेपासून काही कोसांवर, विजयवाड्याच्या रस्त्याला, हयातनगर येथे केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेचे प्रक्षेत्र आहे. संस्थेचे मुख्य कार्यालय संतोषनगरला असून तिची स्थापना १९८५ ची. येथे सारे उलटे आहे. जमीन तांबडी, उथळ, तेलंगणात जिला चालका म्हणतात ती. पाऊस वर्षाला सुमारे ७५० मिलिमीटर, तोही लहरी. ह्या जमिनीवर आणि शहराच्या पश्चिमेस पाटणचेरू येथील इक्रिसॅट ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शेतांवर १९८० च्या दशकात एक नवी कल्पना कसोटीस लावण्यात आली. सुबाभळीच्या ओळी ठराविक अंतरावर लावायच्या, मधल्या पट्ट्यांत ज्वारी, एरंडी, चवळी अशी पिके घ्यायची, आणि झाडाचा पाला छाटून पिकाला खत म्हणून घालायचा. ही कल्पना नायजेरियातील इबादान येथील संशोधन संस्थेत वाढली होती. तेथे पाऊस भरपूर. द्विदल वर्गातले झाड हवेतील नत्र बांधून आणते, पाला कुजून जमीन सुधारते, आणि शेतकऱ्याला खत विकत घ्यावे लागत नाही. कागदावर ह्यात काही खोट नव्हती.

दख्खनच्या तांबड्या मातीने मात्र वेगळा निकाल दिला. झाडे जोमाने वाढली आणि शेजारची पिके खुरटली. प्रथम दोष सावलीला दिला गेला. पण प्रयोगकर्त्यांनी झाडांची ओळ आणि पीक यांच्या मध्ये जमिनीत सुमारे अर्धा मीटर खोलीपर्यंत आडोसा घातला, म्हणजे मुळे एकमेकांच्या हद्दीत येऊ दिली नाहीत, तेव्हा पिकाची घट थांबली. सावली तीच होती, फक्त मुळे अडवली होती. म्हणजे भांडण जमिनीवर चाललेले नव्हते, जमिनीखाली ओलाव्यासाठी चालले होते. बांधावरच्या झाडाजवळची दोन-तीन सरी ज्वारी पिवळी का पडते, हे प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेले असते. तिचे कारण ह्या साध्या प्रयोगाने नेमके दाखवले.

ह्यावरून कोरड्या मुलखात शेतात झाड नकोच असा निष्कर्ष काढणारे निघाले. तो घाईचा होता. ह्या हिशेबात एक भिडू धरलाच नव्हता, तो म्हणजे जनावर. सुबाभळीचा पाला जमिनीत घातला तर त्याने पिकाला होणारा लाभ ओलाव्याच्या तुटीपुढे फिका पडे. तोच पाला फाल्गुन-चैत्रात, कडब्याच्या गंज्या संपत आल्यावर, गाई-शेळ्यांपुढे टाकला की त्याची किंमत एकदम वाढे, कारण त्या दिवसांत प्रथिनांचा दुसरा हिरवा पुरवठा गावात कोठेच नसतो. ज्वारीच्या दाण्यात झालेली घट दुधातून आणि करडांच्या वजनातून भरून निघू शकते. शिवाय पाला जनावराच्या पोटातून गेल्याने खत वाया जात नाही, ते शेणाच्या व लेंडीच्या रूपाने शेतात येतेच. झाड आणि पीक यांचे भांडण जनावर मिटवते, असे म्हटले तर वावगे होणार नाही. ज्याच्या दारात जनावर नाही, त्याने कमी पावसाच्या उथळ जमिनीत पिकाच्या मधोमध झाडांच्या ओळी घालण्यापूर्वी दहादा विचार करावा.

अंबरपेठेत तरी दुसरे काय होते? तेथे पाण्याची ददात नसल्याने मुळांचे भांडण उद्भवले नाही, हे खरे; पण त्या साऱ्या व्यवहाराला जोडणारी कडी म्हैसच होती. तबेले नसते तर त्या गवताला विचारले असते कोणी?

महाराष्ट्रात ही गोष्ट ज्यांनी लवकर हेरली, त्यांत मणिभाई देसाई यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. उरुळीकांचन येथे १९६७ साली त्यांनी स्थापन केलेल्या बाएफ संस्थेचे मूळ काम गाईंच्या सुधारणेचे. पण सुधारलेल्या गाईला खायला काय घालणार, ह्या प्रश्नाने संस्थेला झाडाकडे नेले. हवाई बेटांवरील उंच वाढणाऱ्या सुबाभळीचे वाण १९७० च्या दशकात ह्याच संस्थेने भारतात आणून पसरवले. पुढे १९८२ पासून गुजरातेतील वांसदा भागात आदिवासी कुटुंबांसाठी वाडीचा कार्यक्रम सुरू झाला. एकरभर जमिनीत आंबा-काजू, कडेने चाऱ्याची व सरपणाची झाडे, आणि कलमे मोठी होईपर्यंत मधल्या जागेत भाजीपाला व कडधान्ये, असे त्याचे स्वरूप. कलम फळावर येण्यास चार-पाच वर्षे लागतात आणि गरिबाचे पोट तेवढे थांबत नाही, हे त्यात आधीच धरलेले होते.

सुबाभळीविषयी दोन सूचना येथेच केलेल्या बऱ्या. तिच्या पाल्यात मायमोसीन नावाचे द्रव्य असते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या एकूण वैरणीत तिचा वाटा एक तृतीयांशाच्या आत राहिला तर सहसा अपाय होत नाही. पण घोड्याला किंवा गाढवाला ती घालू नये, त्यांच्या आयाळीचे व शेपटीचे केस गळतात. दुसरी गोष्ट, १९८० च्या दशकाच्या अखेरीस ह्या झाडावर रस शोषणाऱ्या एका बारीक परदेशी किडीची साथ भारतात आली आणि सुबाभळीच्या ओळीच्या ओळी निष्पर्ण झाल्या. एकाच झाडाच्या नादी लागल्याची किंमत ज्यांनी त्या वर्षी मोजली, त्यांनी पुढे हादगा, शेवगा, शेवरी, गिरीपुष्प यांनाही बांधावर जागा दिली.

कोणते झाड पिकाचा ओलावा कमी पळवते, ह्याचे ज्ञान आपल्या लोकांत मुळीच नव्हते असे नाही. राजस्थानात बाजरीच्या शेतांत शमीची झाडे राखून ठेवतात. तिकडे तिला खेजडी म्हणतात. तिचे मूळ सरळ खोल जाते, पिकाच्या थरात फारसे पसरत नाही. उन्हाळ्यात सारे वाळलेले असताना तिला पालवी फुटते, तो पाला उंट-शेळ्यांना जातो, आणि तिच्या खालची बाजरी उघड्या शेतातल्या बाजरीहून अनेकदा सरस येते. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस बाभळीच्या कुळातले एक झाड तर पावसाळ्यात पानेच टाकते आणि कोरड्या दिवसांत हिरवे होते. पीक उभे असताना त्याची सावलीही नसते आणि तहानही बेताची. शमी हा तेलंगणाचा राज्यवृक्ष आहे. दसऱ्याला आपल्याकडे आपट्याचे पान सोने म्हणून देतात, तेलंगणात ते शमीचे, त्यांच्या भाषेत जम्मीचे, देतात. पूजेपुरती एक शमी गावाबाहेर शिल्लक ठेवायची आणि शेतातल्या शम्या ट्रॅक्टर फिरवायला आड येतात म्हणून खणून काढायच्या, ही मात्र विचित्रच भक्ती म्हटली पाहिजे.

मराठी मुलखातही ह्या सांगडीचे नमुने कमी नाहीत. सांगली-मिरज भागातील पानमळा पाहावा. नागवेलीला आधार आणि पातळ सावली हवी, म्हणून शेवरी, शेवगा, पांगारा, हादगा ह्यांची झाडे वेलीबरोबर लावायची. सावली दाट झाली की त्यांच्या फांद्या खुडायच्या आणि तो पाला शेळ्यांपुढे टाकायचा. सावलीचे प्रमाण राखण्याचे काम आणि वैरणीची सोय ही दोन्ही एकाच कोयत्याने होतात. ताड बांधावरच ठेवून अंबरपेठेच्या शेतकऱ्याने जे टाळले, ते पानमळेवाला रोज हाताने सांभाळतो. अर्थात त्याच्यापाशी पाणी असते, आणि मळ्यात बारा महिने राबणारी माणसे असतात.

कोकणातील राब हा ह्याच जातीचा, पण अधिक वादग्रस्त प्रकार. भाताचे रोप टाकण्याच्या जागेवर ऐनासारख्या झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या, शेण आणि गवत यांचे थर रचून पावसाळ्यापूर्वी भाजायचे. खाचराच्या शेजारची वरकस जमीन ह्या टहाळासाठी राखलेली असे. इंग्रज वनखात्याला हा जंगलाचा नाश वाटला. ठाणे-कुलाबा भागात त्यावरून इतका असंतोष माजला की, १८८५ साली मुंबई सरकारला चौकशीसाठी एक आयोग नेमावा लागला. राब शास्त्रशुद्ध आहे की नाही याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. पण शेताच्या पोषणासाठी झाड लागते आणि ते झाड कोठून यायचे ह्याची व्यवस्था गावाने लावलेली होती, एवढे त्यातून निश्चित दिसते. ती व्यवस्था मोडून टाकणे सरकारला सोपे गेले. तिच्या जागी दुसरी उभी करणे अवघड ठरले.

देशावर बाभूळ आहे. काळ्या जमिनीच्या बांधावर ती आपोआप उगवते, तिचे लाकूड औतास लागते, काटे कुंपणास लागतात आणि शेंगा शेळ्या-मेंढ्यांना जातात. सुगी झाल्यावर धनगर शेतात मेंढ्या बसवतो. शेतकऱ्याला लेंडीखत मिळते आणि धनगराला धान्य. मेंढीच्या पोटातून गेलेले बाभळीचे बी लवकर रुजते हे जाणून रोपवाटिकेसाठी मुद्दाम वाड्यांतून बी गोळा करण्याची रीत आहे. असे असूनही बाभळीचे नवे रोप दिसले की ते उपटणारे हातच अधिक. बांध अरुंद झाले, वाटण्या झाल्या, आणि बांधावरचे झाड हे दोन भावांतल्या कज्जाचे मूळ होऊन बसले.

त्यात कायद्याची भर पडली. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यान्वये साग, आंबा, चिंच, मोह, ऐन, अंजन अशी अनुसूचीतील झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी ती तोडण्यास परवानगी लागते. कायद्याचा हेतू झाडे वाचवण्याचा. परिणाम अनेकदा उलटा. मुलीच्या लग्नाला किंवा विहीर खोदायला पैसा लागेल तेव्हा हे झाड मला विकता येईल काय, ह्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर मिळत नसेल तर शेतकरी ते दोन पानांचे असतानाच उपटून टाकतो. २०१४ च्या राष्ट्रीय धोरणाने शेतातील झाडांची तोड व वाहतूक यांवरील बंधने सैल करण्याची शिफारस केली ती ह्याच अनुभवावरून. परवाना देणाऱ्या कचेरीत ती किती उतरली, हे राज्याराज्यांगणिक वेगळे आहे.

राहता राहिला अंबरपेठेच्या खालचा नदीकाठ. तेथील गवताची शेती सर्रास बंद करावी असे म्हणणे सोपे आहे, पण त्याने पाण्यातील धातू नाहीसा होत नाही आणि गवतावर जगणारी कुटुंबे मात्र उघडी पडतात. हरियाणातील कर्नाल येथे, क्षारयुक्त जमिनींवर काम करणाऱ्या केंद्रीय संस्थेने, मैलापाण्यासाठी एक साधी पद्धत बसवलेली आहे. एक मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच असे वरंबे घालायचे, वरंब्यावर निलगिरी, सुबाभूळ यांसारखी झाडे लावायची आणि पाणी सरीतून सोडायचे. झाड ते पाणी पिते, आणि त्याचे लाकूड कोणाच्या ताटात जात नाही. ज्या पाण्यात धातू अधिक, तेथे अशा लाकडाच्या झाडांची रांग. जेथे तपासणीत पाणी बरे ठरेल तेथे म्हशींचे गवत. आणि कच्च्या खाण्याच्या पालेभाज्या ह्या पाण्यापासून दूर, विहिरीवर. एवढी विभागणी करण्यास फार मोठी विद्या लागत नाही. वाफ्यावाफ्याचे पाणी, माती व गवत तपासून देणारी प्रयोगशाळा जवळ हवी, आणि त्या वाफ्याचा पट्टा निदान झाड तोडणीस येईपर्यंत तरी कसणाऱ्याच्या नावे हवा. पट्टा दोन वर्षांचा असेल तर तो पुन्हा गवतच लावील, आणि त्याला दोष देता येणार नाही.

कोरडवाहू शेतकऱ्याने ह्याच पावसाळ्यात आरंभ करायचा असेल तर तो पिकाच्या मधोमध करू नये. वरच्या बांधावर किंवा नापीक कोपऱ्यात, हलक्या मुरमाड तुकड्यावर करावा. चाऱ्याची दोन-तीन जातींची झाडे मिसळून लावावीत. बांधाच्या आतल्या अंगाने हातभर खोल चर खणून तो दर वर्षी, पेरणीच्या आधी, पुन्हा उकरावा, म्हणजे शेताकडे धावणारी मुळे तेथेच तुटतात. पहिली छाटणी रोप माणसाच्या उंचीचे झाल्याखेरीज करू नये. आणि शेळी! सारा खटाटोप तिच्यासाठीच असला तरी पहिली दोन वर्षे तिला त्या ओळीजवळ फिरकू देऊ नये. बाभळीच्या काट्यांचे कुंपण घालावे, आणि पाला कापून तिच्या दावणीला न्यावा.